गोळी निवडावी ताटाकडून

पत्र थोडक्यात असं आहे. कोलोरॅडोत राहणारे एक वाचक, वय बेचाळीस, डेटाच्या क्षेत्रात नोकरी, ग्रीन कार्ड झालेलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे तीन वर्षांपूर्वी शिकारीची गोडी लागली. आजवर दोन हरणं मिळाली, दोन्ही दुकानातल्या तयार काडतुसांनी. यंदा पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे इथल्या सांबराएवढ्या हरणाच्या, मादीचा टॅग (एक जनावर मारण्याची परवानगी) लागलाय आणि ऑक्टोबरअखेर फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागात जायचं ठरलंय. हिवाळ्यात त्यांनी घरीच काडतुसं भरायला घेतली. रायफल ३०८ विंचेस्टर काडतुसाची, हाताने बोल्ट ओढून भरायची. गोळ्यांचे सहा डबे घरात आलेत, पण निवड होत नाही. सहकारी म्हणतो, जड घे, १८० ग्रेनची. रेंजवरचा मित्र म्हणतो, लांबट, हवा कापत जाणारी घे. बायको म्हणते, आपली सहा वर्षांची मुलगी हे मांस खाते, शिसं घरात नको. त्यांचा प्रश्न: "भावनेचा भाग सोडला, तर तांत्रिकदृष्ट्या सर्वांत उत्तम गोळी कोणती?" जाता जाता त्यांनी लिहिलंय की झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या लाँड्री रूममध्ये पॉलिश होतात, बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे चालतं. शेवटी एल्कचा खिमा कसा करावा, तेही विचारलंय.

नमस्कार,

"भावनेचा भाग सोडला" हे तुम्ही बायकोच्या म्हणण्याला उद्देशून लिहिलंय, आणि मी तिथेच अडखळले. सहकाऱ्याने तुम्हाला वजन सांगितलं, मित्राने आकार सांगितला. गोळी लागल्यावर पुढे तिचं काय होतं, हा प्रश्न या तिघांत फक्त तुमच्या बायकोला पडला. गोळीविषयी याहून तांत्रिक प्रश्न मला तरी माहीत नाही.

तुम्ही बाकावरून सुरुवात केलीत: काडतुसं भरायचा प्रेस, तराजू, कॅलिपर, सहा डबे. मी तुम्हाला उलटं यायला सांगणार आहे, ताटाकडून मागे. ताटात काय यावं, त्यासाठी जनावराच्या अंगात गोळीने काय करावं, तिथे पोचताना तिचा वेग किती असेल, मग रायफल, आणि बाक सगळ्यात शेवटी.

आमच्या वडलांकडे कुडाळच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात शिरली की बार काढायचा. तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की गोळी तयार. मराठीत अख्ख्या काडतुसालाही आपण गोळीच म्हणतो, पण इथे गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, जो नळीतून बाहेर पडतो तो. त्याचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि नव्या माणसाला ग्रेन डोळ्यांपुढे येत नाही. सोनाराचं माप घ्या. ब्रिटिशांनी ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एक मासा पंधरा ग्रेन. तुमचा सहकारी म्हणतोय ती गोळी तोळाभराची. १६५ ग्रेनची अकरा माशांची आणि १५० ची दहा माशांची. तोळा आणि दहा मासे यांतल्या फरकावरून इथे माणसं शेकोटीभोवती रात्र रात्र भांडतात.

आता ताट. मी शिकार करू लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मला जेमतेम पन्नास पावलांवर हरीण मिळालं. रायफलमध्ये हलकी, प्लास्टिकच्या टोकाची, झटकन फुलणारी गोळी होती. रेंजवर तिचे गट फार सुंदर यायचे, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्या अगदी जवळजवळ पडायच्या, म्हणून निवडलेली. ती खांद्याच्या हाडावर लागली. हरीण जागीच पडलं, पण सोलायला घेतलं तेव्हा दोन्ही खांदे रक्ताळलेल्या जेलीसारखे झाले होते. जमेल तेवढं कापून टाकलं, उरलेल्याचं सुकं केलं. रविवारी भाचा जेवायला आला होता. तिसऱ्या घासाला त्याने तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं, मुकाट्याने, लग्नाच्या पंगतीत खडा लागावा तसं. तांब्याच्या कवचाची चिमटीएवढी कपची होती ती. त्याचा दात वाचला. मला मात्र त्या कपचीपेक्षा न दिसलेल्या कणांची धास्ती बसली.

साध्या शिकारी गोळीत तांब्याचं पातळ कवच असतं आणि आत शिशाचा गाभा. लागली की तिचं टोक अळंबीच्या छत्रीसारखं फुलतं आणि फुलताना शिशाचे कण उडतात. बरेचसे इतके बारीक की ना डोळ्याला दिसत, ना दाताला लागत. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने गरजूंना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटं स्कॅन करून पाहिली, तर आत धातूचे कण. राज्याने ते मांस वाटू नका म्हणून सांगितलं. त्याच वर्षी मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने मेंढ्यांच्या कलेवरांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. झटकन फुलणाऱ्या गोळ्यांनी एकेका कलेवरात सरासरी शंभरावर तुकडे सोडले, त्यांतले काही जखमेपासून वीतभराहूनही लांब. आपण जखमेभोवतीचं चार बोटं मांस काढतो आणि निर्धास्त होतो! पाण्याने धुऊनही भागत नाही, कारण धुण्याने कण दुसरीकडे पसरतात, असंही त्यांना आढळलं.

दुसरी बाजूही सांगते, कारण घाबरवून तुमचा निर्णय मला करून घ्यायचा नाही. नॉर्थ डकोटातल्या सातशेहून अधिक लोकांचं रक्त तेव्हा तपासलं गेलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांत शिसं सरासरीने थोडं जास्त निघालं. पण थोडंच, आणि मुलांसाठी तेव्हा जी धोक्याची रेषा मानली जायची तिच्यापलीकडे त्यातलं कुणीच नव्हतं. ती रेषा तेव्हा दहा होती, मायक्रोग्रॅम दर डेसिलिटर. मुलांसाठीची रेषा २०२१ पासून साडेतीनवर आली आहे आणि मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित, असं आता कुणीच म्हणत नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसाने काय खावं हे त्याचं त्याने बघावं. तुमच्या घरात सहा वर्षांची पोर आहे, आणि एका एल्कचा खिमा वर्षभर पुरतो.

म्हणून तुमच्या बायकोच्या बाजूने मत. पण तिलाही एक गोष्ट सांगा, आणि ती पहिल्यांदा तुम्ही स्वतः ऐका. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य लाँड्री रूमचं आहे.

प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टिकली; बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. ते पेटलं की त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. तुम्ही त्या पुंगळ्या अक्रोडाच्या भुशात घालून तासन् तास हलवता, झाकण उघडता, चाळता. उडणारी ती धूळ शिशाची धूळ आहे, आणि ती मुलीच्या धुतलेल्या फ्रॉकवर बसते. गोळी कुठलीही घ्या, अगदी निखळ तांब्याची घ्या, हे चालूच राहील. वर्षाकाठी एका एल्कच्या मांसातून जे पोटात जाईल त्यापेक्षा हे मला जास्त जवळचं संकट वाटतं. तेव्हा ते यंत्र आजच उचला आणि गॅरेजमध्ये न्या. शक्य असेल तर ओल्या पद्धतीवर या: पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना, मग धूळच उडत नाही, फक्त ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. भरायच्या बाकावर चहाचा कप नको. उठल्यावर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवायचे, मगच मुलीला उचलायचं. आणि मुलीच्या डॉक्टरांना सांगून तिच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. साधी तपासणी असते. मी तीस वर्षं रुग्णालयाच्या लॅबमध्ये काढली आहेत. आकडा हातात आला की घरातले अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता जनावराकडे वळू. एल्कची मादी म्हणजे सव्वादोनशे किलोचं धूड, आपल्या सांबराच्या मापाचं. गोळीला तिथे दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. फुलायचं, म्हणजे जखम रुंद होते आणि जनावर लवकर मरतं. आणि टिकायचंही, म्हणजे हाड लागलं तरी दोन्ही फुप्फुसांतून आरपार जायचं. लवकर फुलणारी गोळी मोडते, न मोडणारी नीट फुलत नाही, आणि शंभरेक वर्षं कारखानदार याच दोन टोकांमध्ये डोकं आपटताहेत. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याने कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठ्या हरणावर) गोळ्या झाडल्या, त्या कातडीपाशीच फुटल्या. तिथून त्यांना सुचलं की गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घालावी: पुढचा अर्धा भाग फुटेना का, मागचा शाबूत राहतो. ती पार्टिशन गोळी आजही विकली जाते. नंतर शिसं कवचाला चिकटवून टाकलेल्या बाँडेड गोळ्या आल्या. १९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने शिसंच काढून टाकलं आणि अख्खी तांब्याची गोळी आणली. तिच्या टोकाला पोकळी असते, लागली की तिच्या पाकळ्या उलटतात आणि वजन जवळजवळ सगळंच्या सगळं शाबूत राहतं.

सहकाऱ्याचा "जड घे" हा सल्ला इथून समजून घ्या. तो चुकीचा नाही, जुना आहे. साधी गोळी आत जाताना वजन गमावते, म्हणून तोळाभर घेऊन निघायचं, म्हणजे वाटेत थोडं सांडलं तरी चालतं. तांब्याच्या गोळीचं काही सांडत नाही, म्हणून तिथे दहा मासे पुरतात. किंबहुना तांब्यात जड गोळी तुम्हाला नडेल. तांबं शिशापेक्षा हलकं, घनतेत साधारण नऊ विरुद्ध सव्वाअकरा, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी पुंगळीत जास्त खोल जाते, दारूची जागा खाते, आणि स्थिर फिरायला नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा जास्त दाट पीळ मागते. तुमच्या नळीवर या पिळाचा आकडा कोरलेला असेल, बघा: दहा इंचांत एक फेरा असेल तर बरीच मोकळीक आहे, बारात एक असेल तर १५० च्या वर जाण्याआधी गोळीच्या कारखान्याने काय लिहिलंय ते वाचा.

रेंजवरच्या मित्राचं थोडक्यात आटोपते. हवा कापत जाणाऱ्या लांबट गोळीचा फायदा आहे, पण तो चारशे-पाचशे यार्डांपलीकडे. तुम्ही आजवर दोन हरणं मारलीत, ती किती अंतरावर? पत्रात लिहिलेलं नाही, पण दीडशेच्या आत असणार असं मी पैजेवर सांगेन.

अंतर महत्त्वाचं आहे ते वेगासाठी. फुलणाऱ्या प्रत्येक गोळीला एक किमान वेग लागतो. त्याखाली ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. तांब्याच्या गोळ्यांना हे जास्त लागू, आणि कारखाने हा किमान वेग जाहीर करतात. ३०८ मधून निघालेली १५० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर साधारण सेकंदाला २,२०० फुटांच्या आसपास असते. फ्लॅट टॉप्सवर, दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत, थोडी जास्तच. तीनशेपर्यंत निवांत. त्यापलीकडे हिशेब करावा लागेल, आणि माझा आग्रह असा की यंदा तो करूच नका. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी फुलणारी, किमान ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा मागतो. तुमची दहा माशांची गोळी तिथे दुपटीहून जास्त घेऊन पोचते.

मग गट. तुम्ही सहाही डब्यांतल्या गोळ्यांचे शंभर यार्डांवरचे तीन-तीनचे गट कोष्टकात पाठवलेत, अर्ध्या इंचापासून सव्वा इंचापर्यंत, आणि अर्ध्या इंचाची "आघाडीवर" आहे असं लिहिलंय. अहो, तुम्ही डेटातली माणसं! तीनच्या नमुन्यावरून ऑफिसात कुणी निष्कर्ष काढला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? त्याच अर्ध्या इंचाच्या गोळीच्या दहा झाडा आणि मग मापा. तसंही एल्कचं काळीज आणि फुप्फुसं मिळून पराती एवढी जागा असते. तीनशे यार्डांवर सव्वा इंचवाली गोळी पावणेचार इंचांत पडेल. बाकीची चूक तुमच्या धापा टाकणाऱ्या छातीची असणार आहे, गोळीची नाही.

एक चाचणी करा, ती मी सगळ्याच नव्या मंडळींना सांगते. पार्टीच्या नऊ इंची कागदी प्लेटा घ्या. रेंजवर बाक सोडा, बसून किंवा गुडघ्यावर, काठीचा टेकू घेऊन, आणि त्याआधी पार्किंगपर्यंत पळून येऊन, शंभर यार्डांवर पाच गोळ्या झाडा. पाचही प्लेटमध्ये बसल्या तर दीडशे, मग दोनशे. जिथे एक बाहेर पडेल, त्याच्या अलीकडचा आकडा तुमचं यंदाचं अंतर. माझं पहिल्या वर्षी सव्वाशे निघालं होतं, आणि मला फार राग आला होता.

तर तुमच्या सहा डब्यांतून: तांब्याची १५० ग्रेनची हीच तुमची गोळी, असं धरून चला. आधी नळी नीट साफ करा, जुन्या गोळ्यांचा थर खरवडून निघेपर्यंत; तांब्याच्या गोळ्या मळक्या नळीत रुसतात. त्या गोळीच्या स्वतःच्या कारखान्याची माहिती वापरा. त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचा आकडा उचलून तांब्याला लावायचा नाही, दाब वेगळा येतो, आणि ही चूक हौशी लोक सर्रास करतात. कमीत कमी दारूपासून सुरुवात, थोडं थोडं वर. बोल्ट जड उघडायला लागला किंवा प्रायमर चपटा दिसला की थांबायचं, पुस्तकातला कमाल आकडा यायचा असला तरी. तांब्याच्या गोळीला नळीतल्या आट्यांपासून थोडी लांब बसायला आवडतं. बार्न्सवाले ०.०५० इंचापासून सुरू करा म्हणतात, तेवढं अंतर ठेवा आणि काडतुसाची पूर्ण लांबी २.८१० इंचांच्या आत आहे ना, मॅगझिनमध्ये अडकत नाही ना, ते बघा. दहा गोळ्यांचा गट दीड इंचात आला की थांबा. त्याच लॉटचे आणखी दोन डबे घेऊन ठेवा आणि प्रेसवर कापड टाका.

नाहीच जमली तर? काही नळ्यांना तांबं मानवत नाही, ते खरं आहे. मग पार्टिशन किंवा बाँडेड, १६५ ची. फासळीवर, खांद्याच्या मागे नेम धरा, जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाका, आणि त्या जनावराचा खिमा मुलीच्या डब्यात देऊ नका, मागच्या पायाचे अखंड तुकडे द्या. उरलेले चार डबे वाया गेले असं समजू नका, प्लेटांवर सरावाला तेच वापरायचे. कोथळ्याचंही लक्षात ठेवा: आपण तो रानात सोडून येतो आणि मग गरुड, कावळे त्यावर बसतात, त्यातलं शिसं त्यांच्या पोटात जातं. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांसाठी २०१३ मध्ये कायदा झाला आणि जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. पत्रलेखकांकडे ग्रीन कार्ड आहे. तुम्ही एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे, आणि तुमच्या नावावरचा चालू शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला; कपाटातली रायफल तेव्हा गुन्हा ठरू शकते. मित्राची बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. आणि गावाकडच्या वाचकांनो, तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, हे प्रयोग तिकडे करायचे नाहीत.

खिम्याचं राहिलं. एल्कच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मटणासारखा करायला गेलात तर भुसा होतो. कांदा परतताना तेल नेहमीच्या दीडपट घाला, वाटणात सुकं खोबरं जरा सढळ, आणि झाकण ठेवून मंद आचेवर, पाणी आटू न देता. कोकम शेवटी. मुलीच्या वाटणीचा आधी बाजूला काढा आणि मगच मिरची घाला.